प्रश्न दोन हजारांचा नाही

पूर्वी वाहतुकीचा दंड हा दोन माणसांमधला व्यवहार होता. चौकात शिट्टी वाजायची, गाडी बाजूला घ्यायची, काच खाली करायची आणि संवाद सुरू व्हायचा. "पिवळाच होता साहेब", "घरी पेशंट आहे", "आपलं गाव कुठलं?" अशा पायऱ्यांनी तो पुढे सरकायचा. गाव एकाच तालुक्यातलं निघालं तर आवाज खाली यायचा. नाही निघालं तरी निदान मन मोकळं व्हायचं. पावती फाटेपर्यंत आरोपीचं सगळं म्हणणं ऐकून झालेलं असायचं. वकील लोक ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात, तो आपल्याकडे बोनेटवर पावतीपुस्तक ठेवून मिळत असे.

आता दंड मोबाइलवर येतो. कमानीवरचा कॅमेरा नंबर टिपतो, यंत्र वेग मोजतं, आणि आपण घरी दुपारचा चहा पीत असताना संदेश येतो की अमुक ठिकाणी, अमुक वाजता आपण गुन्हा केला आहे. कॅमेऱ्याला गाव नसतं. त्याच्या घरीही पेशंट नसतो. तो साहेब म्हटल्याने विरघळत नाही आणि अरे म्हटल्याने चिडत नाही. भांडणाची सगळी तयारी असलेल्या माणसासमोर भांडायला कोणी उभंच राहत नाही, याइतकी कुचंबणा दुसरी नाही. मग तो माणूस हाती उरलेली एकच गोष्ट करतो: कोर्टात जाण्याचा विचार. प्रत्यक्ष जाणारे मोजके, विचार करणारे मात्र घरोघरी सापडतील.

आमच्या थोरल्या साडूंचा विचार मी जवळून पाहिला. साडू डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त. सही जुळत नाही म्हणून लोकांचे चेक परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या मोबाइलवर ई-चलान आलं: मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, कामशेत बोगद्याच्या अलीकडे, मर्यादा १००, वेग ११८, दंड रुपये २०००. त्यांनी संदेश वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "प्रश्न दोन हजारांचा नाही. तत्त्वाचा आहे."

मराठी माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं की समजावं, खर्च आता दोन हजारांवर थांबत नाही. बांधावरचं वीतभर सरकलेलं कुंपण, सोसायटीतली पार्किंगची पांढरी रेघ, थोरल्या काकांना उशिरा गेलेली लग्नपत्रिका, यांपैकी कुठलाही प्रश्न आजवर पैशांचा नव्हता. म्हणून तर त्यांच्यावर इतके पैसे खर्च झाले.

रविवारी सभा भरली. साडूंचे चिरंजीव लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांना आयुष्यातला पहिला अशील घरातच मिळाला होता. त्यांनी मांडणी केली ती अशी. कायदा १९८८ चा मोटार वाहन कायदा. अतिवेगाचं कलम १८३. २०१९ मध्ये संसदेने दंड वाढवले, पण ते महाराष्ट्रात लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला.

"म्हणजे हा दंड घ्यावा की नाही याचा सरकारने दोन वर्षं विचार केला," साडू म्हणाले. "मग तो द्यावा की नाही याचा मी दोन महिने केला तर बिघडलं कुठे?"

चिरंजीव पुढे सरकले. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राच्या नियमांत १६७अ हा नवा नियम आला. कॅमेऱ्याने दंड करायचा असेल तर त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करायला हवं. कॅमेऱ्याच्या टापूआधी सूचना देणारे फलक हवेत. पुराव्यात वाहनाचा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. आणि घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस जायला हवी. साडूंचा चेहरा प्रत्येक वाक्यागणिक उजळत गेला. आयुष्यभर त्यांनी लोकांचे अर्ज ज्या कारणांनी नामंजूर केले, अगदी तशीच कारणं आज सरकारविरुद्ध त्यांच्या हातात येत होती. नोटीस कधी आली ते पाहिलं, तर तिसऱ्याच दिवशी. "उगाच घाई," साडू नाराजीने म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या विंगमधले निवृत्त फिजिक्सचे सर आले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर रस्ता काढला, कॅमेरा काढला, दोहोंमधला कोन काढला आणि सांगितलं की रडार कोनातून पाहत असेल तर त्याने मोजलेल्या वेगात चूक येते. सभेत आनंदाची लहर उठली. सरांनी कोसाइन मांडला. कोन वीस अंशांचा धरला तर यंत्राला खऱ्या वेगाच्या चौऱ्याण्णव टक्केच दिसणार. "म्हणजे यंत्राने ११८ मोजले असतील," सरांनी शांतपणे उत्तराखाली दोन रेघा मारल्या, "तर गाडीचा खरा वेग १२५ च्या वर होता. अर्थात यंत्र बसवताना हा कोन हिशेबात धरतात. तसा धरला असेल तर मात्र ११८ च."

सरांना कागद परत करण्यात आला.

"पण माझ्या मीटरवर शंभरच होते," साडू म्हणाले.

सरांना पुन्हा कागद हवासा वाटला. गाडीच्या स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवता कामा नये असा दंडक असतो, म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढेच ठेवतात, असं त्यांनी समजावलं. यंत्रावर ११८ असतील तर मीटरवर १२० च्या पुढेच काहीतरी असणार. शंभर असणं विज्ञानाला मान्य नाही.

आणि इथे स्वयंपाकघरातून साडूंच्या पत्नीचा, म्हणजे ताईचा आवाज आला. "ती पिपाणी वाजत होती की तेव्हा. मी म्हटलं, ती बंद करा, तर यांनी रफी मोठा केला."

खुलासा असा, की जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये वेगाची सूचना देणारी घंटी सक्तीची आहे. ८० च्या वर ती मधूनमधून टुणटुणते आणि १२० च्या वर थांबतच नाही. सरांच्या सिद्धांताला इतक्या लवकर प्रयोगाचा दुजोरा मिळाल्याने त्यांना भरून आलं. बाकी सभा मात्र छताकडे पाहू लागली. साडूंनी खरोखर वेग ओलांडला होता का, हा प्रश्न त्या दिवशी असा अनवधानाने, कांद्याच्या फोडणीतून बाहेर आला आणि लगेच निकालातही निघाला. पुढच्या कुठल्याही बैठकीत तो कोणी काढला नाही. सुसंस्कृत घरांत काही विषय टाळतात.

चर्चा पुन्हा वळणावर आणली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काका माहितीच्या अधिकाराचे गाढे अभ्यासक आहेत. २००५ साली तो कायदा आला आणि काकांना निवृत्तीनंतरचं आयुष्य मिळालं. त्यांच्या पिशवीत दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं कायम असतात, इतरांच्या असते तशी बडीशेप. त्यांनी जागेवर अर्ज सांगितला: यंत्राचं प्रमाणपत्र, नूतनीकरणाची तारीख, बसवणाऱ्याचं नाव, खांबाची उंची. शिवाय २०२५ पासून नवी गंमत आली आहे, ते म्हणाले. वेग मोजणारी रडार यंत्रं आता वैधमापनशास्त्राच्या नियमांत आली आहेत. भाजीवाल्याच्या वजनांची पडताळणी करून शिक्का मारणारं खातं आता वेगाच्या यंत्रांचीही पडताळणी करून शिक्का मारणार. साडूंना ही कल्पना फार आवडली. मंडईत ते वजनाच्या पालथ्या बाजूचा शिक्का पाहिल्याशिवाय वांगी घेत नाहीत. कॅमेरा उलटा करून पाहायची सोय असती तर ते त्याच संध्याकाळी निघाले असते.

काकांनी जाता जाता आणखी एक सल्ला दिला. "वहिनी चालवत होत्या असं सांगून टाका. बाईमाणूस म्हटल्यावर सोडतात."

ताईला गाडी चालवता येत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण चिरंजीवांनी सांगितली. इंग्लंडमध्ये ख्रिस ह्यून नावाचे मंत्री होते. २००३ मध्ये त्यांची गाडी वेगमर्यादा ओलांडताना पकडली गेली. लायसन्सवर गुण चढू नयेत म्हणून, गाडी बायको चालवत होती असं कळवण्यात आलं. पुढे नवराबायको वेगळे झाले, आणि वेगळं झाल्यावर माणसं जे जे सांगतात त्यात हेही बाहेर आलं. मंत्रिपद २०१२ मध्ये गेलं, आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ आठ महिन्यांची शिक्षा झाली. अतिवेगाबद्दल नव्हे, न्यायाच्या कामात खोटेपणा केल्याबद्दल. आपल्याकडेही गाडी कोण चालवत होतं ही माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे.

"म्हणजे संसार टिकणार असेल तरच खोटं बोलावं," काकांनी सार काढलं. ताईने साडूंकडे पाहिलं. साडूंनी तो मार्ग सोडून दिला.

यानंतर त्यांचं रात्रीचं वाचन सुरू झालं. कुठल्याही खटल्याआधी पूर्वीचे निवाडे पाहायचे असतात म्हणे. ते पार १८९६ पर्यंत गेले. त्या वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाने ताशी दोन मैलांची मर्यादा असताना आठ मैलांच्या वेगाने मोटार हाकली. शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं आणि कोर्टाने एक शिलिंग दंड केला. "पाहा," साडू म्हणाले, "निदान कोणीतरी मागे धावलं तरी! माणसाची काही किंमत होती." मर्यादेच्या चौपट वेगाला एक शिलिंग, तर अठरा टक्के जादा वेगाला किती, हे त्रैराशिकही त्यांनी मांडून ठेवलं होतं.

मग त्यांना फिनलंड सापडला. तिथे दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो. नोकिया कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अन्सी वान्योकी यांना ५० च्या टापूत ७५ ने मोटारसायकल चालवल्याबद्दल २००२ मध्ये १ लाख १६ हजार युरोंचा दंड झाला. ते कोर्टात गेले, आपलं उत्पन्न घटल्याचं दाखवलं आणि दंड पंच्याण्णव टक्क्यांनी खाली आला. "पंच्याण्णव टक्के!" साडूंनी मला रात्री अकराला फोन करून सांगितलं. "आपल्याकडे हा नियम हवा होता." मागून ताईचा आवाज आला, "तुमची पेन्शन बघून त्यांनी उलट तुम्हालाच दोन हजार दिले असते."

तिसरं उदाहरण सरांनी आणलं. कॅलिफोर्नियातले एक भौतिकशास्त्रज्ञ, द्मित्री क्रिऊकोव, यांनी आपल्या दंडाविरुद्ध २०१२ मध्ये चक्क शोधनिबंध लिहिला. बाजूने पाहणाऱ्या पोलिसाला गाडीचा खरा वेग दिसत नाही, तिचा कोनीय वेग दिसतो; त्यात मध्येच दुसरी गाडी आडवी आली, म्हणून आपण थांबलेलो त्याला दिसलंच नाही, असं त्यांनी आलेख काढून सिद्ध केलं आणि सुटले. सर अतिशय उत्तेजित झाले होते. पण त्या गृहस्थांवरचा आरोप थांबा-फलकाशी न थांबल्याचा होता, वेगाचा नव्हता. शिवाय निबंधावर तारीख एक एप्रिलची होती. आणि त्यांना डोळ्यांनी पाहणारा पोलीस मिळाला होता. यंत्रापुढे कोनाचा विषय काढला तर काय होतं, हे आम्ही पहिल्याच रविवारी पाहिलं होतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याचाही व्हिडिओ कॉलवर सल्ला घेतला गेला. तिकडे म्हणे लोक सर्रास कोर्टात जातात. दंडाची रक्कम राहते बाजूला. लायसन्सवर गुण चढतात, विम्याचा हप्ता वाढतो, म्हणून वकील करणं परवडतं. आणि तिकीट देणारा पोलीसच तारखेला आला नाही तर खटला बऱ्याचदा तिथेच संपतो. "म्हणजे तिकडचं भांडण पैशांसाठी असतं," साडू तुच्छतेने म्हणाले. साक्षीदार गैरहजर राहण्याच्या आशेचा मात्र त्यांना मोह पडला. पण कमानीवर बसवलेला साक्षीदार कुठे गैरहजर राहणार?

मग राहिले फलक. १६७अ ची ती एकच तटबंदी अजून तपासायची होती. एका सकाळी साडू, चिरंजीव आणि मी असे तिघे पाहणीला निघालो. साडूंनी डावी लेन धरली आणि काटा ७० वर ठेवला. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. एका सिमेंटच्या टँकरने आम्हाला मागे टाकताना चालकाने आजारी माणसाकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहिलं. पण फलक दिसले. वेगमर्यादेचे दिसले, कॅमेऱ्याचे दिसले, 'वेगापेक्षा जीव मोलाचा' अशा धाटणीचे कवितेकडे झुकलेलेही दिसले. कितीतरी वर्षं त्या रस्त्याने जाऊनही साडूंना हे साहित्य वाचायला मिळालं नव्हतं. फूड मॉलवर चहा घेताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फलक आहेत. पण ते वाचायला गाडी हळू चालवावी लागते. ११८ ला ते दिसतच नाहीत. हा फलकांचा दोष आहे." चिरंजीवांनी हा मुद्दा वहीत लिहून घेतला, पण पेन्सिलीने.

त्याच टेबलावर मी एक आगाऊपणा केला. मार्गाची लांबी साधारण ९४.५ किलोमीटर. शंभरच्या वेगाने सत्तावन्न मिनिटं लागतात, ११८ च्या वेगाने अठ्ठेचाळीस. म्हणजे रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तरी वाचतात नऊ मिनिटं. आम्ही तेव्हा वडापावच्या कुपनाच्या रांगेत त्याहून जास्त वेळ उभे होतो. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

खटला चालायचा तर तो कुठे, हे ठिकाणावरून ठरतं. डोंबिवलीच्या माणसाला डोंबिवलीजवळ भांडता येत नाही; जिथे गुन्हा घडला त्या हद्दीत जावं लागतं. कामशेतचा परिसर मावळात, म्हणजे कोर्ट वडगावचं. वडगाव मावळ म्हटल्याबरोबर साडूंच्या अंगात इतिहास संचारला. जानेवारी १७७९! रघुनाथरावांना पेशवाईवर बसवायला निघालेली इंग्रजी फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ त्यांचा अधिकारी इष्टुर फाकडा पडला. फौज कशीबशी तळेगावला पोचली, तर पुढे दाणा नाही, वैरण नाही. ती मागे फिरली आणि वडगावला मराठ्यांनी तिला कोंडलं. शेवटी तह करून सुटका करून घ्यावी लागली.

"आणि इंग्रज का हरले?" साडूंनी आम्हाला विचारलं. "घाट चढल्यावर फार हळू आले म्हणून! रोज थोडं थोडं रेंगाळत. तेवढ्यात इकडे सगळी तयारी झाली. या रस्त्यावर हळू जाणाऱ्याचं काय होतं, ते इतिहासाने नोंदवून ठेवलंय."

"तो तह पुढे कंपनीने मानलाच नाही," चिरंजीव म्हणाले.

"म्हणजे वरच्या कोर्टात गेले," साडू म्हणाले. "जायलाच हवं."

पण घाटाखाली उतरल्यावर इतिहासाचा भर ओसरला आणि बँकेतला माणूस जागा झाला. त्यांनी ताळेबंद मांडला. जाण्यायेण्याचा खर्च, टोल, जेवण. रेल्वेने जायचं तर लोणावळ्याला उतरून लोकल, आणि ती सुटली तर पुढचीची वाट पाहत फलाटावर बसणं. एक तारीख म्हणजे एकच तारीख नव्हे, हे कोणी सांगायला नको होतं. ओळखीच्या वकिलांनी सांगितलेली फी ऐकून तर साडूंनी तत्त्वालाही काही मर्यादा असावी असं मत व्यक्त केलं. आणि इतकं करून हरलो तर दंड आहेच. व्हर्च्युअल कोर्टाच्या संकेतस्थळावर 'दंड भरायचा आहे' आणि 'लढायचं आहे' असे सरळ दोन पर्याय असतात, हे ऐकून ते सुरुवातीला सुखावले होते. पण लढायचं निवडलं की प्रकरण पुन्हा पायऱ्या असलेल्या, बाकं असलेल्या, पंखा असलेल्या कोर्टात येतं, हे कळल्यावर त्यांचं बोट हवेतच थांबलं.

मग कोणीतरी लोकअदालतीचं नाव काढलं.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने आलेली ही सोय फार गुणाची आहे. कोर्ट फी नाही, तारखांची माळ नाही, आणि निवाड्यावर अपीलही नाही. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते आणि थकलेल्या चलानांचे ढीग तिथे निघतात. साडू भाषणाची टिपणं काढू लागले. तेव्हा चिरंजीवांनी त्यांना हळुवारपणे सांगितलं की लोकअदालतीत लढता येत नाही. तिथे तडजोड करतात. आणि तडजोड करायची तर आधी चलान मान्य करावं लागतं.

"म्हणजे निर्दोष राहून सवलत मिळत नाही?"

"नाही."

हे साडूंना विचित्र वाटलं. सवलत मात्र डोक्यातून जाईना. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये थकलेल्या चलानांवर घसघशीत सूट दिली होती, दुचाकींना तर पंचाहत्तर टक्के. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मा दंड माफ केला, तेव्हा बंगळुरूत लोक दंड भरायला रांगा लावून उभे होते. थांबणाऱ्याचा फायदा आणि त्याच दिवशी भरणाऱ्याला ठेंगा. कर्ज थकवणाऱ्यांना एकरकमी तडजोडीत सूट द्यायची वेळ आली की बँकेत ज्यांचं रक्त उकळायचं, जे "प्रामाणिक खातेदाराने काय पाप केलंय?" असा सवाल वरिष्ठांना करायचे, तेच साडू आता महाराष्ट्र शासन याबाबतीत मागे का, असं विचारू लागले. खुर्चीच्या कुठल्या बाजूला बसलोय यावर तत्त्व अवलंबून असतं, हे मी पूर्वी ऐकून होतो.

याच काळात वकिलांच्या ऑफिसात त्यांची एका टेम्पोवाल्याशी गाठ पडली. त्याच्या नंबरावर ज्या शहरातलं चलान आलं होतं, त्या शहरात त्याचा टेम्पो जन्मात गेला नव्हता. कोणीतरी त्याचा नंबर आपल्या गाडीवर लावून फिरत होतं. चलान थकलं की आरटीओतली कामं अडतात, आणि काम अडलं की टेम्पो उभा राहतो. तो म्हणाला, भरून टाकतो. दोन दिवस इकडे घालवले तर दंडापेक्षा जास्त भाडं बुडतं.

मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेचं मर्म त्या बाकावर बसलं होतं. ज्याची बाजू शंभर टक्के खरी, त्याला भांडायला वेळ नाही. तो न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरून धंद्याला लागतो. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे, वाय-फाय आहे, लॉ शिकणारा मुलगा आहे आणि तिसऱ्या मजल्यावर काका आहेत, त्याच्याकडे नेमकी खरी बाजू तेवढी नाही. कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलंय. टेम्पोवाल्याने ती न चढता पैसे भरावेत, असं मात्र कुठल्या शहाण्याने सांगितलेलं नाही.

साडूंनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत नियम १६७अ ची छापील प्रत होती, वकिलांच्या टेबलावर कोरे कागद होते आणि समोर चक्क एक निर्दोष माणूस बसला होता. असा योग वारंवार येत नाही. त्यांनी तिथेच अर्ज लिहायला घेतला. त्या दिवशीचा फास्टॅगचा उतारा, माल उतरवल्याची पावती, टेम्पोच्या मागच्या फाळक्याचा फोटो, चलानातल्या गाडीचा फाळका वेगळा असल्याचं लाल शाईने केलेलं वर्तुळ. बँकेतली पस्तीस वर्षं त्या अर्जात उतरली होती. त्यात १६७अ चा उल्लेख चारदा होता. वास्तविक एकदाही गरज नव्हती. काही आठवड्यांनी टेम्पोवाल्याचा फोन आला. चलान रद्द झालं होतं.

साडू आता थांबणार नव्हते. त्यांनी स्वतःच्या चलानावर हरकत नोंदवायला त्याच रात्री ॲप उघडलं, गाडीचा नंबर टाकला आणि खुर्चीतून उठले. थकीत चलान: शून्य.

"माघार घेतली!" त्यांनी काकांना वर हाक मारली. "अर्जाचा धसका घेतला त्यांनी. खांबाची उंची विचारल्यावरच ते हादरले असणार." पेढे आले. काकांनी माहितीच्या अधिकाराच्या सामर्थ्यावर चार शब्द सांगितले. सरांनी, कोसाइनची चूक त्यांच्या लक्षात आली असेल, अशी शक्यता मांडली. चिरंजीव मात्र ॲपमध्ये खाली खाली सरकत राहिले, आणि तिथे भरलेल्या चलानांची यादी निघाली. तारीख संदेश आला त्याच दिवसाची. रक्कम दोन हजार.

गाडी ताईच्या नावावर होती. बायकांच्या नावाने घेतलं तर कर्जाला व्याज किंचित कमी पडतं, हे साडूंनीच बँकेत असताना शोधून काढलं होतं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नोटीस मालकीणबाईंना होती. मालकीणबाईंनी ती वाचली, पिपाणी आठवली आणि भाजी शिजेपर्यंत पैसे भरून टाकले.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" साडूंनी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही," ताई म्हणाली. "आणि रविवारी घरात चार माणसं येत होती, टीव्ही बंद होता. मी म्हटलं, चालू दे."

साडू बराच वेळ पेढ्याच्या खोक्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी जाहीर केलं की आता प्रश्न दोन हजारांचा अजिबातच राहिलेला नाही. नवऱ्याला न विचारता परस्पर गुन्हा कबूल करून मोकळं होणं, यात जे तत्त्व गुंतलं आहे, ते वेगाच्या तत्त्वापेक्षा कितीतरी मोठं आहे. चिरंजीवांनी आपुलकीने सुचवलं की पतिपत्नींमधले वादही लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतात. फक्त त्याला दोन्ही पक्षांची संमती लागते.

ताईने संमती दिलेली नाही.